पाळणाघराला घरमालकाची परवानगी कशासाठी?



आपल्या मागणीपत्रकांत पगार असतो, महागाई भत्ता असतो, बोनस असतो, बदल्या-बढत्या असतात. ते असलेच पाहिजे. पण कामावर गेलेल्या बाईचे तान्हे मूल दिवसभर कोणाजवळ असते, हा प्रश्न एकाही मागणीपत्रकाच्या पहिल्या पानावर मी पाहिलेला नाही. आणि ते मूल जी बाई सांभाळते तिच्या डोक्यावरचे छप्पर कोणाच्या मर्जीवर आहे, हा प्रश्न तर शेवटच्या पानावरही नसतो. आज त्याच प्रश्नावर लिहायचे आहे. काही साथींना हा ‘बायकांचा प्रश्न’ वाटेल. ज्यांना तसे वाटेल त्यांनीच हा लेख शेवटपर्यंत वाचावा, अशी माझी विनंती आहे.

प्रश्न साधा आहे. भाड्याच्या घरात राहणारी एखादी बाई शेजारपाजारच्या चार-सहा मुलांना दिवसभर सांभाळते, त्यांना भरवते, निजवते आणि त्याचे चार पैसे घेते. घरमालक म्हणतो, “हा धंदा झाला. माझी परवानगी घेतली का?” परवानगी मागितली की म्हणतो, “देत नाही.” का देत नाही, हे सांगण्याची त्याला गरज वाटत नाही. बाई गप्प बसते, कारण छप्पर त्याचे आहे. मुले परत जातात आणि त्यांच्या आया कामावरून घरी येतात. म्हणजे भाडेपावतीवर सही करणारा एक माणूस अर्ध्या गल्लीचा रोजगार बंद करू शकतो.

पट्टीश्वरम् येथे काय घडले

मी तामिळनाडूत, तंजावर जिल्ह्यातील कुंभकोणमजवळच्या पट्टीश्वरम् या गावी राहतो. बाहेरगावची माणसे इथे धेनुपुरीश्वराच्या देवळात दुर्गेच्या दर्शनाला येतात आणि संध्याकाळी परत जातात. गावात राहणाऱ्यांची पहाट मात्र घंटेने होत नाही, बसच्या आवाजाने होते. बायका कुंभकोणमच्या कापडदुकानांत, दवाखान्यांत, भांड्यांच्या कारखान्यांत जातात. कोणी मागावर बसतात, कोणी शेतावर जातात, काही आमच्या रेल्वेत आहेत.

आमच्या एका ट्रॅक मेंटेनरची, म्हणजे पूर्वीच्या भाषेत गँगमनची, पत्नी भाड्याच्या दोन खोल्यांत पाच मुले सांभाळीत होती. एकीची आई कापडदुकानात उभी राहणारी, दोघींच्या आया मागावर, एकाची आई दवाखान्यात आया आणि एकाची आई रेल्वे फाटकावर गेटकीपर. घरमालकाच्या कानावर गेले. तो दारात येऊन म्हणाला, “अम्मा, घर राहायला दिलंय, शाळा भरवायला नाही. मुलं बंद करा, नाहीतर घर खाली करा.” घर मोडले होते का? नाही. भाडे थकले होते का? एक महिनाही नाही. शेजाऱ्यांची तक्रार होती का? शेजाऱ्यांचीच तर मुले होती!

आठवड्याभरात मुले गेली. गेटकीपर बाईने आधी रजा टाकली, मग रजाही संपली. कापडदुकानातली बाई चार दिवस गेली नाही, तर पाचव्या दिवशी तिच्या जागी दुसरी उभी होती. मागावरच्या दोघींनी मुले मागाच्या खड्ड्याशेजारी निजवायला सुरुवात केली. हे सगळे कोणत्याही सरकारी आकडेवारीत ‘घरमालकाने घालवलेले रोजगार’ म्हणून नोंदले जाणार नाही. ‘घरगुती कारणाने काम सोडले’ एवढेच लिहिले जाईल.

शाखेने हे प्रकरण हाती घेतले. आम्ही मोर्चा नेला नाही. अर्ज लिहिला. मुलांची संख्या, वेळ, कोणती खोली वापरायची, नुकसान झाले तर भरपाई कोणी द्यायची, सगळे त्यात लिहिले. दोघे-तिघे वडीलधारे बरोबर गेले. बराच वेळ घासाघीस झाल्यावर चार मुले, संध्याकाळी सहापर्यंत, तीन महिने पाहू, असे त्याने लिहून दिले. पाचवे मूल बाहेर राहिले. हा विजय आहे असे मी म्हणणार नाही. पण ‘नाही’ हा शब्द कागदावर आणायला लावला की तो लहान होतो, एवढे त्यातून समजले.

कायदा काय म्हणतो

घरमालक नेहमी ‘कायद्याने’ हा शब्द वापरतो, म्हणून कायदाच पाहू. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ सालचा, म्हणजे राणीच्या राज्यातला. त्याच्या कलम १०८ मध्ये म्हटले आहे की भाडेकरूने जागा एखादा शहाणा माणूस स्वतःची वस्तू वापरतो तशी वापरावी, आणि ज्या कारणासाठी दिली त्याखेरीज दुसऱ्या कारणासाठी वापरू नये. तामिळनाडूच्या १९६० च्या भाडेनियंत्रण कायद्यात हेच अधिक कडक झाले. मालकाच्या लेखी संमतीवाचून जागेचा उपयोग बदलला, तर घर खाली करून घेण्यास ते कारण पुरे होते. त्या कायद्याच्या जागी २०१७ चा नवा कायदा आला आणि तो २२ फेब्रुवारी २०१९ पासून लागू झाला. आता करार लेखी हवा आणि त्याची भाडे-प्राधिकाऱ्याकडे नोंद हवी.

महाराष्ट्रात १९४७ चा मुंबई भाडे कायदा होता. त्याच्या जागी १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून आला. जुन्या पागडीवाल्या भाडेकरूला थोडे तरी संरक्षण राहिले. पण आज मुंबई-पुण्यात बहुतेक नवी कुटुंबे अकरा महिन्यांच्या ‘लीव्ह अँड लायसन्स’वर राहतात. तिथे मालकाला परवानगी नाकारण्याचीही गरज नाही. बारावा महिना उजाडला की तो करार वाढवत नाही, बस्स.

आता नीट विचार करा. पाळणाघर म्हणजे ‘उपयोग बदलणे’ आहे का? घर कशासाठी असते? माणसे राहतात, जेवतात, झोपतात, मुले वाढतात. पाळणाघरात दुसरे काय होते? मुले खातात, झोपतात, रांगतात. घरात स्वतःची सहा मुले असती तर मालक काय करणार होता? पूर्वी आपल्याकडे सहा मुले हे नवलही नव्हते. त्याच खोलीत, त्याच फरशीवर, तेवढीच मुले. फरक एवढाच की बाईच्या हाती महिन्याला चार पैसे पडतात. म्हणजे मालकाचा आक्षेप मुलांना नाही, बाईच्या कमाईला आहे.

वकिलाला एक न्याय, बाईला दुसरा

कोणी म्हणेल, नियम सगळ्यांना सारखा. सारखा नाही, हेच दाखवायचे आहे.

तामिळनाडूच्या वीज दरपत्रकात डॉक्टर-वकिलांसारख्या व्यावसायिकांची घराला लागून असलेली दोनशे चौरस फुटांपर्यंतची खोली घरगुती दरात धरली गेली आहे. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने मध्य प्रदेश वीज मंडळाच्या प्रकरणात वकिली हा व्यापार नव्हे असे सांगितले, म्हणून घरातल्या कचेरीला व्यापारी दर लागू नये असे ठरले. ठीक आहे, वकिलांबद्दल आमची तक्रार नाही. पण अशील जिन्यावरून दिवसभर चढ-उतार करतात, तो व्यापार नाही. आणि सहा लेकरे दुपारी झोपतात, तो व्यापार? हे गणित कोणत्या शाळेत शिकवतात? मी मॅट्रिकपर्यंतच शिकलो. तोवर तरी शिकवले नव्हते.

इथलेच दुसरे उदाहरण घ्या. कुंभकोणमजवळ तिरुभुवनम् रेशमी साड्यांसाठी प्रसिद्ध आहे. विणकराच्या घरात जमीन खणून खड्ड्याचा माग बसवलेला असतो आणि दिवसभर धोट्याची खटखट चालू असते. तरी विणकराच्या घरातला हातमाग वीज दरपत्रकात घरगुती दरातच आहे, बाहेरचा मजूर लावला तरी. हे योग्यच आहे. विणकरांनी ते मिळवले आहे. घर हीच कामाची जागा असते हे सरकारला समजते. मग समजत नाही ते एवढेच की पाळण्याची दोरी हेही कामाचे हत्यार आहे.

मुंबईतही पाहा. १९९१ च्या मुंबई विकास नियंत्रण नियमावलीत ‘घरगुती व्यवसाय’ याची व्याख्या होती. घरात राहणाऱ्या कुटुंबीयाने पगारी मजूर न लावता करायचा, बाहेर पाटी नसलेला, धोका नसलेला, घरगुती साधनांपलीकडे यंत्र नसलेला व्यवसाय. चार-सहा मुले सांभाळणाऱ्या बाईचे काम या मापात जवळजवळ शब्दशः बसते. म्हणजे नगररचनेच्या कागदाला जे चालते ते घरमालकाच्या तोंडाला चालत नाही.

आणि गिरणगाव विसरू नका. लालबाग-परळच्या चाळीतल्या दहा-बारा फुटी खोल्यांत बायकांनी खाणावळी चालवल्या, त्यावर मुंबईचा गिरणी कामगार जगला. त्या खाणावळवाल्या बायकांना कोणी कामगार म्हणत नव्हते. १९७५ साली कामगार चळवळीतल्याच प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले, बायका एकत्र आल्या, राष्ट्रीयीकृत बँकांची कर्जे मिळाली, सावकार मागे हटला. चूल पेटवणे हे काम ठरले, कारण चूल पेटवणाऱ्या संघटित झाल्या. पाळणाघराचे तेच करायचे आहे.

घरमालकाचे म्हणणे

विरोधकाचे म्हणणे न ऐकता केलेला हल्ला हा शिमगा असतो, लढा नव्हे. म्हणून घरमालकाचे मुद्दे एकेक घेऊ. घरमालकही सगळे लक्षाधीश नसतात. एखादी विधवा दोन खोल्यांच्या भाड्यावर जगत असते. एखादा निवृत्त पॉइंट्समन प्रॉव्हिडंट फंडातून बांधलेले घर भाड्याने देतो. त्यांची भीती खोटी नाही.

पहिली भीती : भाडेकरू धंद्याच्या नावाने जागेवर हक्क सांगेल. ही भीती इंग्लंडातल्या मालकांनाही होती, कारण तिथल्या १९५४ च्या कायद्याने धंद्याच्या भाडेकरूला वेगळे संरक्षण होते. त्यांनी काय केले? २०१५ मध्ये कायदा करून टाकला की राहत्या घरात घरगुती व्यवसायाला मालकाने संमती दिली तरी भाडेकरार धंद्याचा ठरणार नाही. मालकाची भीती गेली आणि बाईचा मार्ग मोकळा झाला. आपल्याकडे अशी चार ओळींची दुरुस्ती करायला कोणाचे हात बांधले आहेत?

दुसरी भीती : घराची नासधूस होईल, पाणी जास्त लागेल. होऊ शकते. त्यासाठी डिपॉझिट असते, भरपाईची अट असते, पाण्याचा वाढीव खर्च वाटून घेता येतो. दुरुस्तीच्या पैशाचा प्रश्न पैशाने सुटतो. त्यासाठी माणसाला रस्त्यावर काढावे लागत नाही.

तिसरी भीती : शेजाऱ्यांना त्रास. संख्या ठरवा, वेळ ठरवा. सहा मुलांचा आवाज लाऊडस्पीकरइतका नसतो, आणि लाऊडस्पीकरला आपल्याकडे कोणी घरमालकाची परवानगी विचारल्याचे ऐकिवात नाही.

चौथी भीती सगळ्यांत मोठी आहे : अपघात झाला तर? या प्रश्नाला कुंभकोणममध्ये कोणी हसून उत्तर देऊ शकत नाही. १६ जुलै २००४ रोजी कुंभकोणमच्या काशीरामन रस्त्यावरील शाळेत स्वयंपाकाच्या जागेतून आग उठली, गवती छपराने पेट घेतला आणि ९४ मुले गेली. आजही या गावात ती तारीख सांगावी लागत नाही. पण त्या आगीपासून काय शिकायचे? तिथे परवानगी नव्हती म्हणून मुले गेली नाहीत. ती मान्यता असलेली शाळा होती. एका इमारतीत मुले कोंबली होती, छप्पर गवताचे होते, बाहेर पडायला पुरेशी वाट नव्हती. कागद होता, तपासणी नव्हती.

म्हणून मी म्हणतो की दोन परवानग्यांची गल्लत करू नका. मुलाच्या जिवासाठी जी तपासणी हवी ती पंचायतीने, नगरपालिकेने, बालविकास खात्याने करावी. चूल कुठे आहे, गॅस कुठे आहे, विहिरीला कठडा आहे का, दाराला दोन वाटा आहेत का, किती मुलांना किती जागा आहे, हे पाहावे आणि कडकपणे पाहावे. त्या तपासणीला आमचा पूर्ण पाठिंबा आहे. पण घरमालक यातले काहीच पाहत नाही. तो आपली भिंत आणि आपले भाडे पाहतो. सुरक्षेच्या नावाने त्याच्या मर्जीला कायद्याचे कपडे चढवू नका. उलट, त्याच्या भीतीने जे पाळणाघर गुपचूप, खिडक्या लावून, दाराला आतून कडी घालून चालते, तेच मुलांना सर्वांत धोक्याचे असते. परवानगी नाकारल्याने पाळणाघरे बंद होत नाहीत, ती नुसती दिसेनाशी होतात.

मालकाची जबाबदारी, सरकारची जबाबदारी

कोणी विचारेल, घरोघरी पाळणाघरे कशाला? कारखानदाराने द्यावीत, सरकारने द्यावीत. अगदी बरोबर! आमची पहिली मागणी तीच आहे. पण हिशेब पाहा.

१९४८ च्या कारखाना कायद्यात पाळणाघराची तरतूद होती. आधी पन्नासांहून अधिक स्त्री कामगार असतील तर, आणि १९७६ च्या दुरुस्तीनंतर तिसांहून अधिक असतील तर. २०१७ च्या प्रसूतीलाभ दुरुस्तीने पगारी रजा २६ आठवड्यांची केली आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघर सांगितले. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही पन्नासाचाच आकडा राहिला. आता कुंभकोणमच्या एखाद्या कापडदुकानात बारा मुली उभ्या असतात. उभ्याच असतात, बसायला खुर्ची मिळावी म्हणून तामिळनाडूला २०२१ मध्ये कायदा करावा लागला! त्या बारा जणींच्या लेकरांसाठी पन्नासाचा नियम काय कामाचा?

अंगणवाडी १९७५ पासून आहे. तिने गरिबांच्या मुलांना पोटात घास दिला, त्याबद्दल वाद नाही. पण ती दुपारपर्यंत चालते, आईची पाळी संध्याकाळपर्यंत असते आणि सहा महिन्यांचे मूल तिथे दिवसभर ठेवता येत नाही. नोकरदार मातांच्या मुलांसाठी २००६ साली राजीव गांधींच्या नावाने पाळणाघर योजना आली, मग तिचे नाव बदलले, मग २०२२ पासून ‘पालना’ झाली. नावे बदलली. आमच्या गल्लीत मात्र पाळणा हलवणारी तीच बाई राहिली.

आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द तरी कुठून आला? आपल्या ताराबाई मोडक १९४५ साली ठाणे जिल्ह्यात बोर्डीला गेल्या, पुढे कोसबाडला. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. आदिवासी मूल शाळेत येत नाही, तर शाळा त्याच्या अंगणात न्यायची, हा त्यांचा विचार. म्हणजे या देशातील बालसंगोपनाची सुरुवातच कोणाच्या तरी अंगणात झाली आहे. आज त्याच अंगणात मूल ठेवायचे म्हटले की अंगणाचा मालक भाडेकरार काढून दाखवतो.

रेल्वेचा घरमालक कोण?

आता आपल्या घरचे बोलू. रेल्वे कॉलनीत घरमालक म्हणजे रेल्वे प्रशासन. मालक आणि घरमालक एकच! याचा अर्थ काय होतो हे जुन्या साथींना सांगायला नको. १९७४ च्या मे महिन्यात वीस दिवसांचा संप झाला तेव्हा संपकऱ्यांच्या बायकामुलांना क्वार्टरमधून सामानासकट बाहेर काढले गेले. घर ज्याच्या हाती, त्याच्या हाती माणसाची मान असते, हा धडा रेल्वे कामगार तेव्हाच शिकला.

आजच्या नियमांत रेल्वे नोकराने मिळालेले क्वार्टर पोटभाड्याने देऊ नये, दुसऱ्याला राहू देऊ नये, असे आहे. कुटुंबातील कोणी व्यापार-धंदा करीत असेल तर प्रशासनाला कळवावे, असेही १९६६ च्या आचरण नियमांत आहे. पोटभाड्याची बंदी योग्य आहे. क्वार्टर विकून खाणाऱ्यांची वकिली मी करणार नाही. पण सकाळी आठला आलेले आणि संध्याकाळी आईच्या कडेवर परत गेलेले मूल म्हणजे ‘पोटभाडेकरू’ का? हे कोणी स्पष्ट लिहिलेले नाही. जे स्पष्ट लिहिलेले नसते ते अधिकाऱ्याच्या हातातले हत्यार असते. ज्याच्यावर राग, त्याच्या बायकोच्या पाळणाघरावर चौकशी.

आणि गरज कोणाला आहे? रेल्वेलाच! साताऱ्याच्या सुरेखा यादव १९८० च्या दशकाअखेरीस इंजिनावर चढल्या आणि २०२५ साली निवृत्त झाल्या. त्यांच्या मागून लोको पायलट, गार्ड, स्टेशन मास्तर, पॉइंट्सवुमन, ट्रॅकवरच्या बायका आल्या. जाहिरातीत त्यांचे फोटो छापतात. पण पहाटे चारला गाडीवर जाणाऱ्या बाईने मूल कोणाकडे ठेवायचे? २००८ पासून केंद्राच्या महिला कर्मचाऱ्यांना ७३० दिवसांची बालसंगोपन रजा कागदावर आहे. पण माणसांची टंचाई असलेल्या स्टेशनवर ती मंजूर होणे म्हणजे लॉटरी. शेजारच्या क्वार्टरमधली बाई मूल सांभाळते म्हणून गाडी वेळेवर सुटते. ही गोष्ट ज्या दिवशी प्रशासन मान्य करील त्या दिवशी अर्धा प्रश्न सुटेल.

दुसरीकडे जमले, इथे का नाही?

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात खासगी मालमत्तेला किती मान आहे हे सर्वांना माहीत आहे. तो काही लाल बावट्याचा प्रदेश नाही. तिथे २०१९ साली कायदा झाला आणि १ जानेवारी २०२० पासून लागू झाला. परवानाधारक घरगुती पाळणाघर हा घराचा राहता उपयोगच समजायचा. घरमालकाला बंदी घालता येत नाही. भाडेकरूने सुरू करण्याआधी ३० दिवसांची लेखी सूचना द्यायची. मालक डिपॉझिट वाढवू शकतो. लहान पाळणाघरात सहांच्या वर मुले घ्यायची असतील तरच त्याची संमती लागते. म्हणजे मालकाचे हित जपले, बाईचे कामही जपले. परवानगीच्या जागी सूचना आली, सगळा फरक एवढाच.

पण हे आभाळातून पडले नाही. तिथल्या घरगुती पाळणाघर चालवणाऱ्या बायका वर्षानुवर्षे युनियनसाठी झगडल्या. २०१९ मध्येच त्यांना सामुदायिक वाटाघाटीचा हक्क मिळाला, २०२० मध्ये त्यांनी आपली युनियन निवडून दिली. एकेकट्या घरात काम करणाऱ्या चाळीस हजारांहून अधिक जणी एका झेंड्याखाली आल्या.

आपल्याकडे अहमदाबादच्या ‘सेवा’ने १९७२ पासून हेच सांगितले की घरात काम करणारी बाई ही कामगार आहे. १९९६ साली जिनेव्हाला घरकामगारांविषयीचा १७७ क्रमांकाचा ठराव झाला. भारताने त्याला अद्याप मंजुरी दिलेली नाही. कौटुंबिक जबाबदाऱ्या असलेल्या कामगारांविषयीचा १९८१ चा १५६ क्रमांकाचा ठरावही तसाच पडून आहे. मालकवर्गाच्या परिषदांत जगाची उदाहरणे रोज दिली जातात. ही उदाहरणे मात्र कोणाला आठवत नाहीत.

आपल्या मागण्या

म्हणून आपण स्पष्ट मागण्या मांडू.

एक : राहत्या घरात सहापर्यंत मुले सांभाळणे हा घराचा राहता उपयोगच आहे, असे प्रत्येक राज्याच्या भाडे कायद्यात लिहावे. परवानगी नको, ३० दिवसांची लेखी सूचना पुरे.

दोन : सहांहून अधिक मुले असतील तर मालकाची संमती घ्यावी, पण नकार लेखी आणि सकारण हवा. पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास संमती समजावी.

तीन : या कारणावरून भाडेवाढ, घर खाली करण्याची नोटीस किंवा करार न वाढवणे बेकायदा ठरवावे. घरमालकाला संरक्षण म्हणून भरपाईची अट आणि माफक डिपॉझिट मान्य.

चार : सुरक्षेची तपासणी स्थानिक संस्थेने करावी, फी न घेता करावी आणि वर्षातून एकदा नक्की करावी. मालकाच्या सहीवाचून नोंदणी अडवू नये.

पाच : वीज आणि पाणी घरगुती दराने.

सहा : रेल्वे, बंदर, टपाल, सर्व सार्वजनिक वसाहतींत पाळणाघर हे पोटभाडे नव्हे असा स्पष्ट आदेश निघावा. रेल्वेत हा विषय प्रत्येक विभागाच्या पीएनएम बैठकीच्या विषयपत्रिकेवर आपल्या शाखांनी घालावा.

सात : मुले सांभाळणारी बाई कामगार आहे. ई-श्रम नोंदणीपासून पेन्शनपर्यंत तिला कामगाराचे सर्व हक्क मिळावेत.

कायदा होईपर्यंत काय करायचे

कायदा उद्या होणार नाही. तोपर्यंत शाखांनी एवढे करावे.

ज्या बहिणीला पाळणाघर सुरू करायचे आहे तिला एकटीला घरमालकापुढे उभी करू नका. करार आधी नीट वाचा. ‘फक्त राहण्यासाठी’ असे लिहिले आहे की नाही ते पाहा. नवा करार करायचा असेल तर ‘राहण्यासाठी व घरगुती बालसंगोपनासाठी’ हे चार शब्द सुरुवातीलाच घालून घ्या. नंतर मागण्यापेक्षा ते सोपे जाते. तोंडी ‘हो’वर विसंबू नका. आज हो म्हणणारा घरमालक उद्या घर विकतो, आणि नव्या मालकाला आठवण नसते.

अर्जात मुलांची संख्या, वय, वेळ, सुटीचे दिवस, वापरायची खोली लिहा. बाहेर पाटी लावणार नाही, नोकर ठेवणार नाही, नुकसान झाल्यास भरून देऊ, तीन महिन्यांनी एकत्र बसून आढावा घेऊ, असे लिहा. मुलांच्या पालकांच्या सह्या जोडा. दोन प्रती करा, एका प्रतीवर पोच घ्या. पोच दिली नाही तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपा. भाडे एक दिवसही थकू देऊ नका आणि भाडेपावती मागितल्याशिवाय राहू नका. नकार आला तर तो लिहून मागा.

मुले किती घ्यायची यात लोभ नको. सहाची परवानगी असेल तर सातवे मूल कितीही ओळखीचे असो, घेऊ नका. चूल आणि मुले यांच्यामध्ये दार असू द्या. कुंभकोणमच्या ९४ लेकरांचे एवढे तरी ऋण आपल्यावर आहे.

घरमालकांनाही एक शब्द. तुमच्या भाड्याचे पैसे येतात कुठून? कापडदुकानातून, मागावरून, रेल्वेच्या रुळावरून, दवाखान्याच्या फरशीवरून. ज्या आया तिथे घाम गाळतात त्यांची मुले तुमच्याच घराच्या ओसरीवर झोपली आहेत. ती मुले उठवून हाकलली तर आधी त्यांच्या आयांचा पगार थांबेल आणि मग तुमचे भाडे. त्यांना झोपू द्या.

आणि साथींनो, आपल्यासाठी शेवटचे. पुढच्या शाखा बैठकीत मागणीपत्रक तयार कराल तेव्हा बैठकीला किती बायका आल्या ते मोजा. ज्या आल्या नाहीत त्यांच्या घरी जाऊन विचारा, मूल कोणाकडे ठेवले असते तर आला असता? त्या प्रश्नाचे उत्तर मागणीपत्रकाच्या पहिल्या पानावर लिहा.